टाऊने हात सोडला तेव्हा

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो; पण पाण्याची नव्हे. मुळशीतल्या माले गावच्या धोंडाबाईंच्या मेंदूत, एका पेशीच्या लांबलचक धाग्यात मी राहते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. शास्त्रज्ञ मला सूक्ष्मनलिका म्हणतात. पेशीचा सांगाडा आम्हा बहिणींचाच, आणि रस्तेही आम्हीच. पेशीला लागणारा माल माझ्या अंगावरून टोकापर्यंत पोचतो, तेव्हा कुठे धोंडाबाईंना काही आठवते.

आम्हाला धरून ठेवते टाऊ नावाचे प्रथिन. काकडीच्या मांडवाला सुतळी बांधतात ना, तसे. माझे तुकडे झिजले, नवे आले, पण टाऊने मला कधी ढळू दिले नाही. काय दिवस होते ते! भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून पेटवायचा, तर अख्खी आळी धोंडाबाईंना विचारायला यायची. आग वाऱ्याच्या उलट टोकाने लावली की सावकाश सरकते, हे त्यांना झोपेतही ठाऊक. कौतुक त्यांचे व्हायचे, फुगायचो आम्ही.

मग टाऊचे बिनसले. त्याच्या अंगावर फॉस्फेटचे कण नको तितके चिकटले आणि त्याने आमचा हात सोडला. सुटलेले टाऊ एकमेकांत अडकून त्यांचा गुंता झाला. माझी शेजारीण कोसळली. माल वाटेतच तुंबला. मी फार घाबरले, पण ओरडायला मला तोंड कुठे आहे?

बाहेर सगळे हसत होते. आमटीत दोनदा मीठ पडले की नात सायली हसायची, मुलगा कैलासही हसायचा.

या वैशाखात धोंडाबाईंनी राब पेटवला तो वाऱ्याच्याच बाजूने. जाळ धावत गोठ्याकडे निघाला. सून साधनाने कशीबशी दावी सोडून म्हशी बाहेर काढल्या. छप्पर जळाले.

"आत्याबाई, वारं कुटनं येतंय त्ये बगितलं न्हाई व्हय?" साधना रडतच ओरडली.

"बगितलं की," धोंडाबाई म्हणाल्या. "पर कुनीकडनं पेटवायचं त्येच आठवंना."

"अवो, दवाखान्यात दावू यांना," साधना नवऱ्याला म्हणाली.

"म्हातारपन हाय ते," कैलास म्हणाला. "त्याला डाक्टर काय करनार?"

मित्रांनो, हे म्हातारपण नव्हे, आजार आहे. मला पुन्हा उभे करील असे औषध अजून कुणाकडे नाही. पण वेळेवर कळले तर माणसाला जपता येते, आगीपाण्यापासून दूर ठेवता येते. तुमच्या घरी कुणी हातातली कामे विसरू लागले तर हसू नका, त्यांना दवाखान्यात न्या म्हणून मोठ्यांच्या मागे लागा. इथे तर गुंता शेजारच्या पेशीतही पोचला आहे.

धोंडाबाई हल्ली ओट्यावर बसून सायलीचे नाव मनातल्या मनात घोकत असतात. त्या घरात घाबरलेले माणूस सध्या एकच आहे, आणि ते म्हणजे धोंडाबाईच.