सात कप्पे आणि एक नाडी

मित्रांनो, एका कुटुंबाचा सबंध इतिहास मी माझ्या पाठीवर वाहिला आहे.

हे वाक्य मी बरेच दिवस जुळवून ठेवलं होतं. परवा नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं, की मला पाठच नाही. इतिहास मी पोटात घेतला आणि पाठ दर वेळी दुसऱ्याची होती. तेव्हा ते वाक्य राहू द्या, साधंच सांगते. मी एक जुनी सॅक आहे. रंग मूळचा निळा. आता ज्याला जो वाटेल तो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे शिवणयंत्रांच्या दोन रांगा होत्या आणि भिंतीवर एक पंखा होता, तो फक्त मुकादमाकडे बघून फिरायचा. मला शिवणाऱ्या बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून काम करत. त्या दिवशी त्यांचं शेजारच्या यंत्रावरच्या बाईंशी लेकीच्या बाळंतपणाबद्दल बोलणं चाललं होतं. बोलण्याच्या भरात अस्तराचा एक तुकडा दुहेरी बसला आणि माझ्या तळाशी, अस्तराच्या आड, एक जादा कप्पा तयार झाला. ठरलेले कप्पे सहा. माझे झाले सात.

मुकादमाने आत हात घातला. "हा सातवा कुठून आला?"

"चुकून पडला."

"उसवा मग."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "असू दे हो," त्या म्हणाल्या, "लागेल कुणाला तरी."

जगात आल्यावर मी ऐकलेले हे पहिले शब्द. इतरांच्या जन्माच्या वेळी काय बोलतात मला माहीत नाही, पण माझं बरं झालं.

दुकानात मला एका बाईंनी हातात घेतलं. त्यांनी चेन सात वेळा उघडबंद केली, पट्टे ओढून पाहिले आणि प्रत्येक कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी गेल्यावर त्या थांबल्या. "हा कसला कप्पा?"

दुकानदाराला तो कप्पा त्याच क्षणी कळला होता. "तो खास आहे," तो म्हणाला.

अशी मी या घरात आले. त्या बाई म्हणजे घरातली आई. बाबा पार्सलच्या खिडकीवर बसतात. दिवसभर लोकांच्या खोक्यांची वजनं करून त्यांना अशी सवय लागली आहे, की हातात काहीही आलं तरी ते आधी तोलतात. टाचणी तान्ही असताना पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ते "तीन किलो शंभर" असं म्हणाले होते, अशी घरात आठवण सांगतात. टाचणी म्हणजे त्यांची मुलगी. अंगाने बारीक आणि प्रश्न विचारून सतत टोचणारी, म्हणून टाचणी. आणि बाबांची धाकटी बहीण, आत्या, शेजारच्या गल्लीत राहते. ती घरी झोपायला जाते. बाकी वेळ ती इथेच असते.

कुठे जायचं ठरलं की मला आई भरायची. हळदीकुंकवासारखा तो एक सोहळाच असायचा म्हणा, फक्त बोलावणं कुणालाच नसायचं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, उन्हाचं मलम. इथवर सगळी घरं सारखीच. मग आई एक वस्तू हातात धरून दोन क्षण थांबायची आणि "असू दे" म्हणून आत ठेवायची. मग आणखी एक असू दे. सुईदोरा असू दे. दुसरा टॉवेल असू दे. पहिले दोन भिजले तर तिसरा असू दे. माझ्या शिवणी कुरकुरायच्या, पण मी कधी तक्रार केली नाही. बाजारात, इस्पितळात, लग्नाच्या हॉलमध्ये लोक आमच्याकडेच वळायचे. "अहो, तुमच्याकडे पिन असेल ना?" असायची. आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे यायचं ते पाहण्यासाठी मी आणखी दोन किलोसुद्धा उचलले असते. म्हणजे बाबांनी.

आणि मग मागच्या वर्षीची ती थीम पार्कची सहल आली.

त्या पार्कमध्ये 'गरुडझेप' नावाचं एक यंत्र आहे. साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या गोल फिरत उंच जातात आणि बसणाऱ्याचे पाय हवेत लोंबतात. टाचणी पहिल्यांदा गेली तेव्हा उंचीच्या फळीला दोन बोटं कमी पडली होती. पुढचं वर्षभर ती दाराच्या चौकटीवर रेघा ओढत वाढली. या सहलीपर्यंत तिचं डोकं फळीच्या वर तीन बोटं गेलं होतं. आता अडवणार कोण?

मी अडवलं.

फाटकावर पहारेकऱ्याने मला टेबलावर ठेवलं आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. छत्र्या दोन. टॉवेल तीन. रबराची गरम पाण्याची पिशवी. शिवणाचा डबा. मेणबत्ती.

"ताई, मेणबत्ती?"

"वीज गेली तर?"

"इथे?"

"कुठेही जाते हो."

"फिरायला आलात की राहायला?" पहारेकरी म्हणाला आणि मागची रांग हसली. बाबाही जरा चढ्या आवाजात म्हणाले, "तरी मी सांगत होतो. हिला घर उचलून आणायचं असतं." शिवणाच्या डब्यात कात्री निघाली. ती दूरच्या खिडकीवर जमा करायची होती. तिथेही रांग. हे सगळं उरकून आम्ही धावत गरुडझेपेपाशी पोचलो, तेव्हा शेवटची फेरी सुरू झाली होती आणि वाटेवर साखळी लावली होती.

टाचणी वर बघत उभी राहिली. मग म्हणाली, "चालेल."

परतीच्या दोन तासांच्या प्रवासात तिने एकही प्रश्न विचारला नाही. ज्यांनी टाचणीला पाहिलेलं नाही त्यांना यातलं दुःख कळणार नाही.

घरी आल्यावर आईने मला रिकामं केलं आणि कपाटावर टाकलं. "पुढच्या वेळी तुम्ही भरा," एवढंच ती बाबांना म्हणाली. त्यानंतर या घरात 'असू दे' ऐकू आलं नाही. हे दोन शब्द वस्तू आत ठेवताना जसे लागतात, तसेच कुणाची चूक सोडून देतानाही लागतात. आईने दोन्ही बंद केले. आत्याच्या हातून दूध उतू गेलं तेव्हा आई नुसती फडकं घेऊन आली. आत्या नंतर माझ्या कपाटापाशी येऊन पुटपुटली होती, "वहिनी ओरडली असती तरी परवडलं असतं."

मी वर्षभर कपाटावर धूळ खात पडले. वरून मला घर दिसायचं. बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची नाडी हरवली होती. ते रोज संध्याकाळी पायजम्याला सेफ्टी पिन लावत आणि रोज विचारत, "माझी नाडी कुणी पाहिली का?" एकदा आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही फुकटच पडलीये. मला द्या, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना होईल." मित्रांनो, सात कप्प्यांच्या सॅकला चिमट्यांची पिशवी होणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येत नाही. मी चेन घट्ट मिटून घेतली.

यंदा पुन्हा सहल ठरली. बाबांनी एक यादी केली आणि फ्रिजवर लावली. वर ठळक अक्षरांत लिहिलं : 'यादीत नाही ते सॅकमध्ये नाही.' खाली क्रमाने : टोप्या चार. पाण्याच्या बाटल्या दोन. उन्हाचं मलम. जादा मोजे. टॉवेल एक. जखमेच्या पट्ट्या. तिकिटं.

मला खाली काढलं, उलटं केलं आणि झटकलं. तीन बटणं, एक केसाची पिन, पेन्सिलीचा तुकडा आणि बराच भुगा पडला. बाबांनी सहाही कप्पे तपासले, मला भरलं आणि हातात तोललं. "दोन किलो चारशे," ते म्हणाले. खिडकीवरच्या माणसाला एवढा आनंद क्वचित होत असेल.

"पार्सलच झालंय दादा," आत्या म्हणाली. "वर पत्ता पण लिही. वहिनी, तू काहीच कशी म्हणत नाहीस?"

"त्यांची यादी आहे," आई म्हणाली, आणि पाण्याच्या बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहिली.

सातव्या कप्प्याबद्दल मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही, पण आलं असतं तरी बोलले नसते.

खोटं कशाला सांगू, यादी चांगली होती. फाटकावर पहारेकऱ्याने आत एकदा डोकावून "जा" म्हटलं. बाबा तरीही तिथे थोडे रेंगाळले, तो आणखी काही म्हणतोय का बघायला. ऊन चढलं तेव्हा टोप्या होत्या. आत्याच्या नाकावर बाबांनी इतकं मलम लावलं, की ती भिंत रंगवून आल्यासारखी दिसत होती. पाण्याच्या घसरगुंडीवर बाबा भिजले तेव्हा जादा मोजे निघाले. आई पाहत होती. "बरं केलंत," असं ती दोनदा म्हणालीही, पण दुसऱ्याच्या घरी जेवताना म्हणतात तसं.

गरुडझेपेच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो. पुढे फक्त सहा माणसं उरली होती. टाचणी आनंदाने एका पायावर उडी मारून दुसऱ्या पायावर आली आणि तिच्या सॅन्डलचा पट्टा मुळापासून निघाला.

रांगेच्या तोंडाशी, दोरीपाशी उभ्या असलेल्या पार्कच्या बाईंनी मान हलवली. "पायातलं घट्ट हवं. वरून सुटलं तर खाली कुणाच्या तरी डोक्यात पडतं."

"काढूनच ठेवते मी," टाचणी म्हणाली.

"अनवाणी नाही सोडत बाळा. उतरताना लोखंडाच्या जाळीवर पाय टेकायचा असतो. दुपारी ती तव्यासारखी तापते."

बाबांनी मला जमिनीवर ठेवलं आणि यादीप्रमाणे शोधायला लागले. टोपीने पट्टा बांधता येत नाही. मलमाने चिकटत नाही. त्यांनी जखमेच्या चार पट्ट्या एकावर एक लावल्या. टाचणीने एक पाऊल टाकलं आणि चारही निघाल्या. पट्ट्या जखमेसाठी होत्या, सॅन्डलला तसं काही झालेलं नव्हतं. पुढे आता दोनच माणसं होती.

टाचणीने वर पाहिलं. मग म्हणाली, "चालेल."

तोच शब्द. आईचा हात माझ्या पट्ट्यावर होता, तो मला घट्ट झालेला कळला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तळाशी बघा."

"तळ पाहिला."

"तळाच्या खाली."

"अगं, सहा कप्पे आहेत, सहाही मी..."

"सात आहेत."

आईने मला ओढून घेतलं. वर्षभर हात लागला नव्हता, पण तो हात वाट विसरला नव्हता. अस्तराच्या आडून तिने एक पांढरं भेंडोळं बाहेर काढलं. मागच्या वर्षी घाईत ठेवलेलं. पहारेकऱ्यालाही ते सापडलं नव्हतं.

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. "ही माझी नाडी आहे."

"धुवायला काढली होती. म्हटलं, कुठे काही बांधायला..." आई थांबली. "राहिली आत."

"मी वर्षभर पिनेवर काढलंय," बाबा म्हणाले.

"दादा, ते मग बोल," आत्या म्हणाली. "आधी पोरीचा पाय बांधू दे."

आईने नाडी तळव्याखालून घेतली, घोट्याभोवती दोन वेढे दिले, पुढे फुली काढली आणि गाठ मारली. दोरीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी वाकून ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. मग दोरी उचलली. "बस जा."

टाचणी वर गेली. खालून आम्हाला तिचे दोन पाय दिसत होते, एक साधा आणि एक पायजम्याच्या नाडीचा. आत्या मला मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्यावर तिच्या नाकावरचं मलम ठिबकत होतं.

बाबा वर बघत म्हणाले, "मागच्या वर्षी फाटकावर मी जरा जास्तच बोललो. सगळ्यांसमोर."

आईने आत्याच्या मांडीवरच माझी उघडी राहिलेली चेन लावली. वरच्या खुर्च्यांची अख्खी एक फेरी झाली.

"असू दे," ती म्हणाली.

टाचणी उतरली ती बोलतच. इतक्या वर जाऊनही ढग जवळ का येत नाहीत? साखळ्या रोज कोण तपासतं? त्या माणसाला भीती वाटते का? वाटली तर तो कुणाला सांगतो? मी मोजले, बसपर्यंत सोळा प्रश्न झाले. बाबांनी सगळ्यांची उत्तरं दिली, निम्मी चुकीची.

आता मी दारामागच्या खुंटीवर असते. फ्रिजवर यादी अजून आहे. सात वस्तूंखाली टाचणीने आठवी ओळ घातली आहे : 'असू दे. आईला विचारणे.' आणि बाबांच्या पायजम्याला अजून पिनच आहे, कारण नाडी टाचणी परत द्यायला तयार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्यावरची धूळ झटका, त्यांना चिमट्यांच्या पिशव्या करू नका, असं बरंच काही मला शेवटी सांगायचं होतं. पण एक तातडीचं काम आहे. त्या दिवशी बसमध्ये चढताना बाबांनी एक केळं हातात तोललं, आयुष्यात पहिल्यांदा "असू दे, वाटेत लागेल" असं म्हणाले आणि मोठ्या कौतुकाने ते सातव्या कप्प्यात ठेवलं. त्यांना त्या कप्प्याची सवय नाही. याला आता तीन आठवडे झाले.

तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर बाकी सगळं असू दे. तेवढं केळं काढा.