पुलाआधी उतरा

आमच्या गावचा पूल इतका अशक्त, की त्यावर कावळा बसला तरी खालचे मासे बाजूला सरायचे. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा. त्यांना अजून कायदा लागू झालेला नाही.

त्यामुळे गावात एक रीत पडली होती. पुलाअलीकडे बस थांबायची, कंडक्टर ओरडायचा, "उतरा मंडळी, पाय मोकळे करा!" माणसं चालत पलीकडे जायची, रिकामी बस मागून यायची. कंडक्टर आणि ड्रायव्हर मेव्हणे-भाऊजी. दोघांचे डबे एकच बाई भरायची. कंडक्टरची ती बायको, ड्रायव्हरची ताई.

मग सरकारी कामाला नावं ठेवणं गुन्हा ठरलं. आणि ऐकून घेऊन कळवलं नाही, तर ऐकणाराही गुन्हेगार. लोक जांभईसुद्धा तोंडावर हात दाबून देऊ लागले. न जाणो, एखादा शब्द निसटायचा!

एका सकाळी डबा देताना ताईने नवऱ्याला बजावलं, "पुलापाशी तोंड उघडू नका हं."

"नाही बाई. नुसती घंटी वाजवीन."

"ताई, भाऊजींची घंटीसुद्धा भांडखोर आहे," भाऊ हसला.

घंटी वाजली. सवयीने सगळे उतरले. एक सरकारी साहेब तेवढे बसून राहिले.

"का उतरले हे?"

"पाय मोकळे करायला, साहेब."

"म्हणजे पूल कच्चा आहे?"

"मी कुठं म्हणालो? तुम्हीच म्हणालात!"

जे हसले ते सगळे चौकीत गेले. कंडक्टर थेट तुरुंगात.

ताई भावाच्या मागे लागली. "तू तरी शहाणा हो. बस थांबवू नकोस."

"अगं, भरलेली गाडी त्या पुलावर..."

"माझी शपथ आहे तुला."

भरलेली बस पुलावर गेली. पलीकडे पोचली नाही. इथे मला तिखटमीठ लावायचं नाही.

चौकशी झाली आणि नदी दोषी ठरली. अचानक खोल झाली म्हणे. तेच साहेब ताईच्या सांत्वनाला आले तेव्हा अंगणात गाव जमलं होतं.

"नदीनं घात केला, बाई."

"नदीनं नाही. पुलानं मारलं त्याला. आणि त्याला गप्प मी बसवलं."

साहेब गर्दीकडे वळले. "कोणी काही ऐकलं?"

"छे!"

"वारा केवढा सुटलाय, साहेब!"

"माझा तर हा कान जन्माचाच गेलेला."

साहेबांनीही ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर वर कळवावं लागलं असतं. ते चहा पिऊन गेले.

त्यानंतर ती दारोदार फिरली, तेच सांगत. लोक तिला बसवत, पाणी देत, पाठीवरून हात फिरवत आणि विचारत, "काही म्हणालात का, वहिनी?"

अखेर नवरा सुटून आला. भाऊ कसा गेला, कशामुळे गेला, सगळं तिने त्याला सांगितलं. त्याच्या डोळ्यांना धार लागली. तो उठला, दार लावलं, खिडकी लावली, तिच्याजवळ येऊन बसला.

"आता तरी बोला," ती म्हणाली.

त्याने डोळे पुसले.

"मला काही ऐकू आलं नाही गं."