खोडलेला मेमरीचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पोटात मेमरी आहे अवघी अर्धा जीबी. हसलात ना? खुशाल हसा. तुमच्या घरातल्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट मेमरी असते, हे मला ठाऊक आहे. मी फुशारक्या मारायला आलेलो नाही. जे आकडे आहेत तेच सांगणार आहे, कारण आकडे सांगणे हाच माझा जन्माचा धंदा.

एका लांबलचक कारखान्यात हजारो भावंडांबरोबर माझी जुळणी झाली. कुणी शाळेत गेले, कुणी तिकिटाच्या खिडकीवर. मी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. खाली सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि वरच्या खोलीत एक बाई काम करत. सगळे त्यांना मोजणीताई म्हणत. चहाला उकळी यायला किती सेकंद लागतात हेसुद्धा त्या मोजत, आणि लिफ्टपेक्षा जिना बरा हे त्यांनी घड्याळ लावून सिद्ध केले होते.

फाइली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरची तुलना करणे हे त्यांचे काम. मोठी फाइल आवळून लहान केली की ती कमी जागेत मावते आणि दुसरीकडे लवकर पोचते. पोचल्यावर ती उलगडून जशीच्या तशी करायची. अशी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला आपलाच बाब्या लाडका. प्रत्येक जण सांगतो, आमचेच सगळ्यात भारी. मग खरे भारी कोणते, ते ताई माझ्यावर चालवून ठरवत.

त्यांचे नियम फार कडक होते. प्रत्येक सॉफ्टवेअर सहा वेळा चालवायचे. पहिला आकडा टाकून द्यायचा, कारण पहिल्या खेपेला फाइल डिस्कवरून शोधून आणावी लागते, नंतर ती हाताशीच असते. उरलेले पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला धरायचा. वहीत चार रकाने होते: फाइल किती लहान झाली, आवळायला किती वेळ लागला, उलगडायला किती वेळ लागला आणि मेमरी किती खाल्ली. मोजणी चालू असताना माझ्यावर पाटी असे, ‘हात लावू नये’. एकदा एका पाहुण्याने गंमत म्हणून माउस हलवला, तर ताईंनी दिवसभराचे आकडे खोडून पहिल्यापासून सुरुवात केली. पाहुणे पुन्हा काही आले नाहीत.

मला मात्र हे सारे आवडे. ताईंचा तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे लोक पत्रात लिहीत. ती रेघ माझ्या जिवावर ओढलेली असे, म्हणून माझी छाती फुगायची.

अशी नऊ वर्षे गेली. मग ताईंच्या हाताखाली एक गृहस्थ रुजू झाले. ते इतके भरभर बोलत की वाक्याचा शेवट गिळून टाकत, म्हणून त्यांना घाईभाऊ नाव पडले. त्यांनी नवा कॉम्प्युटर आणवला. त्याची मेमरी बत्तीस जीबी! माझी मोजणी तासाची, तर त्याची दोन मिनिटांची. त्याच्यावर कुठल्याच सॉफ्टवेअरला मेमरी कमी पडेना.

घाईभाऊ म्हणाले, “ताई, हा चौथा रकाना काढून टाकूया. कुणाचंच अडत नाही, तर लिहायचं कशाला?”

ताईंनी जरा विचार केला. मग पट्टी ठेवून त्या रकान्यावर रेघ मारली. मी टेबलाखाली गेलो. कुणीतरी माझ्या कोपऱ्याला छत्री अडकवली. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले आणि रागही आला.

काही महिन्यांनी ताईंच्या तक्त्यात एक सॉफ्टवेअर पहिले आले. ते शंभर एमबीची फाइल एकतीस एमबीवर आणत होते. एका मोठ्या हॉस्पिटलाने तो तक्ता वाचला. तिथे काढलेले स्कॅन साठ लहान दवाखान्यांना पाठवायचे होते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सगळीकडे हेच सॉफ्टवेअर, असे त्यांनी ठरवले आणि आधी पाच दवाखान्यांत ते बसवून पाहिले.

आठवड्याने एक सिस्टर जिना चढून वर आल्या. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा दवाखाना होता.

“पहिलं आलेलं ते हेच ना?” त्यांनी तक्ता पुढे केला. “आमच्याकडे फाइल येते, पण उलगडतच नाही. कॉम्प्युटर नुसता घरघरतो. परवा एक सुतारकाका आले होते, मांडीचं हाड जोडलेले. स्कॅन दिसेना, म्हणून डॉक्टरांनी त्यांना परत मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. खड्ड्याखड्ड्यांतून चार तास! नुसतं एक चित्र बघायला!”

“इथे चाळीस सेकंदांत उघडतं,” घाईभाऊ म्हणाले. “तुमचं मशीन बिघडलं असेल.”

“पाचही दवाखान्यांतली एकदम बिघडली का हो?”

“मग नवीन घ्या.”

“मागतोय चार वर्षं.”

ताईंनी हळूच विचारले, “सिस्टर, तुमच्या कॉम्प्युटरला मेमरी किती आहे?”

“ते मला काय ठाऊक? पण तो छत्री अडकवलेला आहे ना टेबलाखाली, तस्साच आहे आमचा.”

ताई उठल्या आणि छत्री बाजूला करून त्यांनी मला स्वतः उचलून टेबलावर ठेवले. एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

घाईभाऊंनी शंका काढली, आणि ती रास्त होती. “हा म्हातारा हळू चालला, तर दोष सॉफ्टवेअरचा की याचा, हे कसं कळणार?”

ताईंनी जुनी वही काढली. नऊ वर्षांपूर्वी एका सॉफ्टवेअरला माझ्यावर दोनशे बारा सेकंद लागले होते. तीच मोजणी आज पुन्हा करायची. आकडा जुळला तर मी धडधाकट, नाही तर माझी साक्ष बाद. ताईंनी खालच्या सायकलवाल्याचा हवेचा पंप आणून माझ्यातली धूळ उडवली. सगळे शिंकले. मग पाटी लागली.

पहिला आकडा आला दोनशे एकतीस. घाईभाऊंनी भुवया उंचावल्या. ताई म्हणाल्या, “पहिला टाकून द्यायचा.” मी मनात म्हटले, आता नाही तर कधीच नाही. दोनशे तेरा. दोनशे बारा. दोनशे बारा. दोनशे चौदा. दोनशे बारा. मधला आकडा दोनशे बारा! नऊ वर्षांत मी एका सेकंदानेही हललो नव्हतो.

मग ते पहिल्या नंबरचे सॉफ्टवेअर आले. त्याने उलगडायला सुरुवात करताच माझी मेमरी गळ्यापर्यंत भरली. उरलेले सामान मला डिस्कवर टाकावे लागले, पुन्हा आणावे लागले, पुन्हा टाकावे लागले. डिस्क कण्हू लागली. बंद पडणे फार सोपे होते. पण मी बंद पडलो असतो तर म्हातारा मेला, एवढेच त्यांनी लिहिले असते. मला आकडा द्यायचा होता. मी दात-ओठ खाऊन चालत राहिलो. चार तास दहा मिनिटे लागली.

“एकदा पुरे झालं,” घाईभाऊ म्हणाले. या वेळी त्यांनी वाक्य गिळले नाही.

“नियम म्हणजे नियम,” ताई म्हणाल्या. म्हणून आणखी पाच वेळा. मी पाचही वेळा पुऱ्या केल्या.

त्यानंतर तक्त्यात चौथे आलेले सॉफ्टवेअर चालवले. त्याची फाइल छत्तीस एमबीची होती. सिस्टरांच्या मंद लाइनवर ती पोचायला सात मिनिटे जास्त लागणार होती. पण माझ्यावर ती तीन मिनिटांत उलगडली आणि मूळ फाइलीशी अक्षर न् अक्षर जुळली.

ताईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि म्हणाल्या, “सॉफ्टवेअर खोटं बोललं नाही. रकाना मी खोडला.” त्यांनी स्वतः हॉस्पिटलाला फोन केला आणि नव्या तक्त्यावर सगळ्यांत वर लिहिले की मागच्या तक्त्यात आमची चूक झाली.

“लोक हसतील, ताई.”

“हसू देत. आणखी एका माणसाला त्या रस्त्यानं पाठवायचं का?”

एक तारखेला चार दिवस असताना हॉस्पिटलाने निर्णय बदलून ते चौथे सॉफ्टवेअर घेतले. पुढच्या आठवड्यात सिस्टरांचा फोन आला. सुतारकाकांचा नवा स्कॅन त्यांच्या पडद्यावर उघडला होता, आणि काका स्वतःचे हाड बघून म्हणाले होते की सांधा बरा बसलाय, पण मी असतो तर अजून गुळगुळीत केला असता.

त्याच दिवशी घाईभाऊ कागदात गुंडाळून एक वस्तू घेऊन आले. माझ्यासाठी मेमरी! चांगली दोन जीबी. “म्हाताऱ्याला बक्षीस,” असे म्हणत त्यांनी माझे स्क्रू काढले. मित्रांनो, मला ती हवी होती. आयुष्यात एकदा तरी धावून बघावे, असे कुणाला वाटत नाही?

ताईंनी त्यांचा हात धरला. “भाऊ, हा धावायला लागला, तर त्या दवाखान्यांच्या वतीनं अडखळणार कोण?”

घाईभाऊंनी ती मेमरी पुन्हा कागदात गुंडाळली आणि वर सिस्टरांच्या दवाखान्याचा पत्ता लिहिला. माझ्या मनात जराशी कळ आली. पण आतून मीही तेच म्हणत होतो.

तेव्हा मुलांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. माझी धूळ पुसा, माझा पंखा साफ ठेवा, मला छत्री अडकवू नका. पण प्रेमाने सुद्धा माझा वेग वाढवू नका. सिस्टरांचा कॉम्प्युटर आता धावतो. अजून एकोणसाठ दवाखाने माझ्याइतकेच हळू आहेत, आणि ते सगळे धावू लागेपर्यंत मी इथून हलणार नाही.