राबाचा विस्तव

डोळखांबच्या वरच्या अंगाला, आमच्या पाड्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, एक झेन केंद्र आहे. शहरातली माणसं गाडी करून तिथे येतात आणि भिंतीकडे तोंड करून गप्प बसतात. पाड्यात या प्रकाराची भरपूर टिंगल झाली. बायकांनी शिक्षा दिली असेल, असं शेजारचा दामू म्हणाला होता आणि मीही पोट धरून हसलो होतो. आता तिथला स्वयंपाकी मीच आहे, आणि गेले आठ महिने रोज सकाळी मीही भिंतीकडे तोंड करून बसतो.

केंद्र मनस्वीताई चालवतात. जपानात बरीच वर्षं राहून आलेली बाई, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. मी कामाला लागलो त्या आठवड्यात एकदा पालक निवडत होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. कांदा असता तर खपून गेलं असतं. ताई समोर येऊन बसल्या. काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही.

"भगीरथदादा, हे दुःख कुणाला होतंय?"

"कुणाला म्हणजे? मला."

"हा 'मला' कोण ते बसून शोधा. सापडला की येऊन सांगा."

तेव्हापासून रोज सकाळी बसायचं, मग ताईंसमोर जायचं. त्या तोच प्रश्न विचारणार, मी काहीतरी उत्तर देणार, त्या हातातली छोटी घंटी वाजवणार. घंटी वाजली की उत्तर चुकलं, उठा. आठ महिन्यांत मी एवढ्या घंट्या ऐकल्यात की देवळातल्या पुजाऱ्यानंही ऐकल्या नसतील.

माझं दुःख काय ते सरळच सांगतो. मागच्या वैशाखात मी माझ्या भावाला जाळलं.

मारायचं म्हणून नाही. गुर्मीत. भाताची रोपं जिथे करायची ती जमीन आमच्याकडे आधी भाजतात. शेण, पालापाचोळा, टहाळं असं थरावर थर पसरून वर माती टाकायची आणि पेटवायचं. हा राब. तो सकाळी लवकर, वारा पडलेला असताना लावतात. आणि वारा जिकडून येतो त्याच्या उलट्या टोकाला लावतात, म्हणजे जाळ वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश सरकतो आणि माती नीट भाजते. वाऱ्याच्या बाजूनं लावलं तर पाव तासात उरकतं, पण मग जाळ कुठे जाईल याचा भरवसा नाही. हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या घरची आणखी एक रीत आहे. राबाला आगपेटी लावत नाहीत. विस्तव घरच्या चुलीतला, आणि तो घरच्या बाईनं खापरीतून आणायचा.

मी बारा वर्षं आसनगावला एका कंपनीत होतो. काम सुटल्यावर घरी आलो, तर थोरला भाऊ मंगळू मला 'कंपनीवाला' म्हणायला लागला. चेष्टाच होती, पण मला ती लागायची. त्या दिवशी तो भल्या पहाटे धसईच्या बाजाराला निघाला. जाताना बांधावर उभा राहून म्हणाला, "वारा सुटला तं राब तसाच ठेव. तुला नाय जमायचा. मी येतो तवर हात लावू नको." तिथे आम्ही दोघंच होतो.

वहिनीला, म्हणजे भिमीला, हातपंपावर रांगेत उशीर झाला. ती विस्तव घेऊन आली तेव्हा ऊन वर आलं होतं. खापरी बांधावर ठेवून ती मागे न बघता घरी पळाली, कारण चुलीवर भात होता. वारा सुटलेला मला कळत होता. तरी मी राब पेटवला, आणि मुद्दाम वाऱ्याच्या बाजूनं पेटवला. मंगळू एसटीतून उतरेपर्यंत सगळं उरकलेलं असावं, त्यानं ते बघावं आणि त्याचं तोंड बंद व्हावं, एवढंच मला हवं होतं.

जाळ कुंपणाला लागला, कुंपणावरून पेंढ्याला आणि पेंढ्यावरून गोठ्याला. मंगळू आला तोच पिशव्या टाकून बैल सोडवायला आत शिरला. बैल बाहेर आले. वरचं छप्पर त्याच्यावर आलं.

चार दिवस तो दवाखान्यात होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "कुठून पेटवलास?" मी म्हणालो, "बरोबर टोकालाच लावला होता. वारा फिरला." त्यानं डोळे मिटले. पुढे तो माझ्याशी बोलला नाही. त्याला बोलवत नव्हतं असं मी स्वतःला सांगतो.

दहाव्याला माणसं जमली, तेव्हा कुणीतरी विचारलं, राब एवढ्या उशिरा का लावला? मी म्हणालो, "वहिनीनं विस्तव उशिरा आणला." यातला एकही शब्द खोटा नव्हता. सगळ्यांच्या माना भिमीकडे वळल्या आणि मी खाली बघत राहिलो.

त्या दिवसापासून भिमीनं चूल पेटवलेली नाही. "माज्या हातचा इस्तव कुनाला नको," म्हणते. शेजारची लहानी अर्धी भाकरी देते ती खाते. मी रोज संध्याकाळी केंद्रावरून डबा नेतो, तो दोन घास खाऊन झाकून ठेवते. अंगावर मांस राहिलेलं नाही. अशीच राहिली तर यंदाचा पाऊस ती काढायची नाही, हे लहानी मला दोनदा बोलली.

चैत्रातल्या एका सकाळी बसलो असताना ते झालं. श्वास चालला होता, गुडघा ठणकत होता, बाहेर भारद्वाज घुमत होता, आणि हे सगळं ज्याचं तो कुठेच सापडेना. कितीही शोधलं तरी ठणका होता, ठणकणारा नव्हता. मला हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली. भगीरथ म्हणून कुणी नाहीच, तर राब लावला कुणी? वारा होता, पाला होता, विस्तव होता. झालं.

धावत ताईंकडे गेलो. "सापडला नाही," म्हटलं, "कुणी नाहीच आहे!"

 ताई म्हणाल्या, "मग एवढा आनंद कुणाला झालाय?" आणि घंटी वाजवली.

मला असा राग आला! या बाईला माझं सुख बघवत नाही, असं मनात म्हणत मी डबा भरला आणि तडक भिमीकडे गेलो. वाटलं, मला मिळालं ते तिलाही देऊन टाकावं. ती दारात बसली होती. मी तिला सगळं समजावलं. करणारा कुणी नसतो, वहिनी. तू नाहीस, मी नाही. नुसतं घडतं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी नसाल भाऊजी," ती म्हणाली. "पन मी हाय ना. रोज सकाळी उठते तवा मीच असते. हातपंपावर दोन बायांशी बोलत बसले, ती पन मीच."

आणि आपल्या उजव्या हाताकडे तिनं असं बघितलं, की तो दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं तोडून टाकला असता. माझा सगळा मोकळेपणा तिथल्या तिथे उतरला. तिच्या आत बसलेली ही उशीर करणारी बाई मी घातलेली होती. एका वाक्यानं घातलेली. मी स्वतः नाहीच असं म्हणून सुटलो होतो आणि तिला तिथेच ठेवून निघालो होतो.

मग मी सांगितलं. बांधावर मंगळू काय म्हणाला ते, मी कोणत्या टोकाला विस्तव लावला ते, दवाखान्यात त्यानं काय विचारलं आणि मी काय खोटं बोललो ते. काही शिल्लक ठेवलं नाही. ती आता ओरडेल, तोंडात मारेल, पाडा गोळा करेल, असं वाटत होतं. खरं तर तिनं तसं करावं म्हणून मी वाट बघत होतो.

भिमी माझ्याकडे मायेनं बघत होती.

"ह्ये पन त्या बाईनंच शिकवला ना?" ती म्हणाली. "मगाशी म्हनलात कुनीच नाय केला. आता म्हनता मी केला. माजं वझं तुमी कशाला घेता?"

"वहिनी, खरं सांगतो. मंगळूची शपथ..."

"शपथ नका घेऊ!" तिनं माझा हात धरला. "मेलेल्या मानसाची खोटी शपथ नाय घेऊ. आठ म्हयने डबा आनता, एक दिवस चुकला नाय. तुमच्यावानी दीर कुनाला भेटत नाय भाऊजी. पन मला खोटा नको."

मी पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं. ओरडण्यानं लहानी बाहेर आली, दामू आला, त्यांनाही सांगितलं. दामूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बसून बसून देवमानूस झालास रे." लहानीनं पदर डोळ्याला लावला. मी निघालो तेव्हा भिमी म्हणाली, "औंदा राबाला इस्तव मागू नका. शेत पडीक ऱ्हाऊ दे." चुलीत मागच्या वैशाखातली राख तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो नाही. सरळ ताईंसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी घंटी हातात घेतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"दुःख कुणाला होतंय?"

"भिमीला," मी म्हणालो.

ताईंनी घंटी वाजवली नाही. कोण भिमी, असंही विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, गॅस पेटवला आणि पंचवीस माणसांचा भात चढवला.