यांनी सुलट केलेल्या झडपा

बोटीच्या बुडाला मुद्दाम भोक ठेवतात, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. एक नाही, दोन! आणि माझ्या पोटची पोरगी, योगिता, असल्या बोटीत बसून भोपाळच्या तलावात शर्यती लावते.

ही शिडाची छोटी बोट तिनं क्लबकडून जुनी घेतलेली. दिवाळी झाल्यावर एका सोमवारी ती केळीच्या पिकअपमध्ये, वाळलेल्या पानांवर निजवून बुऱ्हाणपूरला घेऊन आली. माझ्या तुळशीला ढकलून बोट अंगणात ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, बेलर गळतायत."

बेलर म्हणजे त्या भोकात बसवलेली वीतभर स्टीलची झडप. बोट वाऱ्यावर पळायला लागली की झडप पायानं खाली दाबायची, मग आत उडालेलं पाणी आपोआप खालून ओढलं जातं. बोट थांबली की झडप बंद. पण या दोन्ही झडपा बंद करूनही गळायच्या, बोट जड व्हायची आणि योगिता मागं पडायची. रविवारी भोपाळला राज्याच्या संघाची निवड होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटचीच संधी. नवीन झडपा मागवायच्या तर पंधरा दिवस लागणार.

आमचे हे, शंकर, पेपर मिलमध्ये बत्तीस वर्षं फिटर होते. रिटायर होऊन इथं राहायला आल्यापासून घरात असे बसायचे, जसं कोणी सामान ठेवून गेलंय आणि न्यायला विसरलंय. मला ते बघवायचं नाही. त्या दिवशी मात्र बोटीखाली आडवे झाले ते जेवायलाच उठले.

योगिता क्लबच्या कामाला दोन दिवस भोपाळला गेली. यांनी झडपा काढल्या, घासल्या, रबराच्या जाड शीटमधून नवीन पॅकिंग कापलं, स्क्रू नवीन घातले. बोट विटांवर ठेवून आत काठोकाठ पाणी भरलं आणि खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला. चार तासांनी कागद तसाच कोरडा! मला हात धरून दाखवायला नेलं. मी वरवर म्हटलं, "बरं आहे, आता माझं अंगण मोकळं करा." पण खरं सांगते, इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी योगिता आली आणि बोट तापीत, जैनाबादसमोरच्या डोहात उतरवली. पुढं वजन लागतं म्हणून मला बसवलं. नऊवारी नाही, गोल साडी, पण तिच्यावर ते नारिंगी जाकीट! काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून बेजार. "मम्मी, टेन्शन मत ले," म्हणत योगितानं शीड ओढलं. वारा आला, बोट पळाली, तिनं पायानं दोन्ही झडपा दाबल्या.

आणि काय सांगू बाई! पाणी बाहेर जायचं सोडून दोन्ही भोकांतून कारंज्यासारखं आत! मी पोटापर्यंत भिजले, देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडात तापीचं पाणी.

कशीबशी काठाला लागलो. योगितानं बोट कलती करून बुड बघितलं. "पप्पा, झडपांची तोंडं पुढं का केली? मागं पाहिजेत ना!"

"आधी मागंच होती," हे म्हणाले. "कोणीतरी उलटी बसवलेली. मी सुलटी केली. पाणी जिकडून येतं तिकडं तोंड. मिलमध्ये सगळ्या पाइपांना हेच."

"मिलमध्ये पाणी आत घ्यायचं असतं. इथं बाहेर टाकायचंय."

घरी येऊन यांनी हत्यारांची पिशवी पलंगाखाली सरकवली. "दुसऱ्या कोणाला दाखव. माझं डोकं आता चालत नाही."

मी तोंड सोडलं. "अहो, भिजले मी, आणि रुसताय तुम्ही? शनिवारी सकाळी पिकअप निघणार, पोरीनं जायचं कशात, परातीत?" हे भिंतीकडं तोंड करून पडले. मला आतून रडू यायला लागलं. बोट बुडाली असती तरी चाललं असतं, हा माणूस असा बुडलेला मला नको होता.

शुक्रवारी सकाळी योगिता स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन बोटीखाली बसली. स्क्रू फिरेना. पातं घसरलं, कर्रर्र वाजलं. पुन्हा घसरलं. आता हिला आठव्या वर्षापासून स्क्रू आवळायला यांनीच शिकवलेलं, हे मला माहीत. मी गप्प तांदूळ निवडत बसले.

तिसऱ्या कर्ररला हे दारात. "अगं, पातं डोकं खातंय स्क्रूचं! सरळ धर."

"सरळच धरलंय."

"हे सरळ? सरक तिकडं!"

सरकली ती, आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. मेली, बापापेक्षा वस्ताद!

दुपारपर्यंत तोंडं मागं झाली. मग डोहावर मी सांगून टाकलं की आज मी बसणार नाही. हे जन्मात कमरेवर पाण्यात गेलेले नाहीत, तरी जाकीट घालून बसले. दोन्ही हातांनी बोटीची कड अशी पकडली की बोटं पांढरी पडली. योगितानं बाटलीभर पाणी आत ओतलं, वाऱ्यावर शीड ओढलं, झडपा दाबल्या. आतलं पाणी गुळगुळ करत निघून गेलं. यांचा आवाज काठापर्यंत आला, "जातंय! इंदू, जातंय!"

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. पहिल्याच रिंगला यांनी उचलला. "पाणी आलं का?"

"नाही पप्पा, एक थेंब नाही."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

"बंद केल्यावर? वळताना?"

माझे हात पिठाचे, तसाच फोन हिसकावला. "योगे, निवड झाली का नाही ते सांग आधी!"

"झाली मम्मी! कधीची सांगतेय, पप्पा बोलू देतील तर ना."

वळून बघितलं तर यांनी तोंडाला टॉवेल लावलेला, खांदे हलत होते. रिटायर झाले त्या दिवशी मिलच्या गेटवर सगळे रडले, हे नव्हते रडले.

"अहो, झाली निवड," मी म्हटलं.

"ऐकलं," टॉवेलातून आवाज आला. "तिला विचार, पुढच्या शर्यतीच्या आधी बोट इकडं आणशील ना."

"तुम्हीच विचारा," म्हणत फोन त्यांच्या कानाला लावून दिला.