कंबर सुनेची, पट्टी सासऱ्यांना

सकाळी सात वाजता लाँड्रीच्या मागच्या खोलीत सुनेनं ओल्या चादरींचं गाठोडं उचललं आणि कमरेतून निघालेली कळ मांडीमागून सरसरत थेट पायाच्या अंगठ्यात उतरली. ती भिंत धरून उभी राहिली.

"झालं हिचं नाटक सुरू!" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही काय कंबर माहेरी ठेवून आलो होतो?"

पुढे दुकानात सासरे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. बनियनच्या आत, पाठीवर, तळहाताएवढी औषधाची पट्टी चिकटवलेली. पट्टी सुनेची होती.

त्याचं असं झालं. नस दबल्यामुळे दुखणाऱ्या कमरेवर ही पट्टी कितपत चालते, याची दवाखान्यात चाचणी सुरू होती. सुनेचं नाव त्यात लागलं. रोज एक पट्टी बारा तास लावायची, वापरलेली पाकिटात घालून परत द्यायची, आणि दुखणं शून्य ते दहात किती, ते वहीत लिहायचं. पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी खोकं उघडलं. "एवढं भारी औषध सुनेच्या पाठीला? दिवसभर बसून माझी पाठ धरते, ते दिसत नाही कुणाला?"

लगेच सगळ्यांना दिसलं. ज्या घरात साय आधी त्यांच्या वाटीत पडते, तिथे औषध तरी वेगळी वाट कशाला धरेल?

नवरा त्यांच्याही वरताण. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," म्हणून वही त्याने स्वतःकडे घेतली. रोज संध्याकाळी विचारायचा, "बाबा, आज किती?" बाबा ढेकर देऊन सांगायचे, "चार लिही." पुढे तीन झाले, मग दोन. काल शून्य. पानावर नाव मात्र बायकोचं. आणि हा माणूस शिकलेला, बरं का!

सून दोन महिने गप्प राहिली. चांगली सून गप्प असते, हे तिला माहेरीच पढवलं होतं.

त्याच सकाळी अकराला ती तपासणीला गेली. नवरा बाहेर मोबाइलवर. नर्सने चिमट्याने पाकिटातून जुन्या पट्ट्या बाहेर काढल्या.

"ताई, दुखणं शून्य लिहिलंय. मग एका कुशीवर रेलून का बसलात? आणि या प्रत्येक पट्टीला पांढरे केस कसे? तुमच्या पाठीवर आहेत?"

सुनेला हसू फुटता फुटता रडू आलं. "खरं सांगितलं तर?"

"नाव काढावं लागेल. पट्ट्या बंद. डॉक्टर दुसरा उपचार बघतील."

"नाही सांगितलं तर?"

"तर हे शून्य खरं धरतील. उद्या तुमच्यासारख्याच बायांना त्याच्या भरवशावर औषध देतील. आणि ताई, निम्म्या पट्ट्या नुसत्या असतात, औषधाविना. कुणाला कोणती, ते मलाही ठाऊक नाही."

सुनेनं वही पुढ्यात ओढली. शून्यावर आडवी रेघ मारली आणि कोंबडीच्या पायांनी लिहिलं: 'नऊ. पट्ट्या सासऱ्यांनी लावल्या. मला एकही नाही.' खाली सही केली.

घरी पाऊल टाकताच सासऱ्यांनी हात पुढे केला. "आणल्यास नव्या?"

"नाही मामंजी. खरं काय ते सांगून आले."

नवरा उसळला. "घराची अब्रू घालवलीस!"

"अब्रू पाकिटातून तुम्हीच पाठवलीत, केसांसकट."

"अगं पण गाठोडी कोण उचलणार?" सासूबाईंनी मुद्द्याला हात घातला. तेवढीच त्यांना काळजी.

"डॉक्टरांनी मला वजन उचलू नको म्हणून लिहून दिलंय. मामंजींची कंबर शून्यावर आलीये, तुमच्या मुलाच्या सुंदर अक्षरात. त्यांना उचलू द्या."

सासऱ्यांचा हात आपसूक पाठीवर गेला. तोंडातून कण्हणं निघालं. औषध होतं की नुसती पट्टी, देव जाणे; आलेला गुण मात्र क्षणात पळाला.

सून आत जाऊन भर दुपारी आडवी झाली. बाहेर गाठोडं ठिबकत पडलं होतं आणि तीन धडधाकट माणसं त्याच्याभोवती उभी राहून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

वाचकहो, चौथे तुम्ही तर नाही ना?