गालातला भाला

चेल्लदुरैने देवापुढे नारळ फोडला आणि करवंटीची धार त्याच्या अंगठ्यात घुसली. त्याची बायको पेच्चिअम्माळ चिंधी शोधायला आत धावली. ती परत आली तेव्हा रक्त थांबलंसुद्धा होतं.

“बघ, काही नाही,” तो म्हणाला.

नेमकं हेच तिला खटकलं. झटक्यानंतर हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासून डास चावलेलं खाजवलं तरी त्याच्या अंगावर रक्त पाझरत राहायचं. डॉक्टरांनी समजावलं होतं, “झटका आला त्या दिवशी तुम्ही वेळेत आलात, म्हणून इंजेक्शनने गुठळी विरघळली. पण आता ही जाळी नवी आहे. रक्तातले चिकट कण तिच्यावर जमले की पुन्हा गुठळी, आणि दर वेळी वेळेत पोचाल असं नाही. या दोन गोळ्या ते कण चिकटू देत नाहीत. वर्षभर एक दिवसही चुकवायचा नाही. कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, तेव्हा घाबरू नका.”

आज ते लवकर थांबलं म्हणून ती घाबरली.

“गोळ्या घेताय ना?”

“रोज तुझ्यासमोरच गिळतो. आता पोट फाडून दाखवू?”

संध्याकाळी त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, पाण्याचा घोट घेतला आणि चूळ भरायला परसात गेला. तो आत आल्यावर ती गेली. केळीच्या बुंध्याशी अर्धवट विरघळलेली गुलाबी गोळी पडली होती.

कारण विचारायची गरज नव्हती. पंगुनी उत्तिरमच्या उत्सवात वीतभर चांदीचा भाला गालातून आरपार घेईन, असा नवस तो हॉस्पिटलच्या खाटेवरच मुरुगनला बोलला होता. ज्याचं व्रत खरं, त्याचं रक्त येत नाही, असं अख्खं गाव मानतं. मागे मुत्तय्याचं आलं, तर व्रतात चोरून कोंबडी खाल्लीस म्हणून लोकांनी बिचाऱ्याला सळो की पळो करून सोडलं.

“अहो, यंदा भाला नको, खांद्यावर नुसती कावडी उचला की,” तिने व्रताचं एकवेळचं जेवण वाढताना सुचवून पाहिलं.

“जीव मागताना मी देवाकडे अर्धाच मागितला होता का?”

भांडली असती तर तो गोळ्या आणखी लांब जाऊन थुंकला असता, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच गोळ्या वेगळ्या आणून, कुटून त्याच्या गूळ-सुंठेच्या पाण्यात मिसळू लागली. गालातून रक्त आलं तर दाबून धरता येईल. छातीत काय दाबणार?

“सुंठ फार झालीय,” तो पेल्यात डोकावत म्हणाला.

“भजनं म्हणून म्हणून घसा बसलाय तुमचा. प्या गुपचूप.”

तो प्यायला, पण पेल्याच्या कडेवरून तिच्याकडे बघत. व्रत देवाचं आणि घरात दोघंही चोर!

उत्सवाच्या दिवशी ढोल कडाडत होते. भाले टोचणाऱ्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला सगळे सामी म्हणत. त्याने चेल्लदुरैच्या गालावर विभूती चोळली आणि भाला आत रेटला. रक्त आलं. हनुवटीवरून ओघळून कमरेच्या पिवळ्या वेष्टीवर, त्या व्रताच्या धोतरावर, पडू लागलं. ढोल एकेक करत थांबले.

“व्रत मोडलंस?” सामीने विचारलं.

तोंडात भाला, बोलणार कसा? त्याने जोरजोरात मान हलवली. मग त्याची नजर पेच्चिअम्माळकडे वळली आणि तिथेच थांबली.

ती पुढे आली. “त्यांनी नाही, सामी. माझ्या हातून मोडलं.”

“तरीच!” मागून कुणीतरी बाई बोललीच. “नवरा उपाशी मरतोय आणि हिला घरात साधं सोवळं पाळवेना.”

सामीने भाला काढून घेतला. विभूती दाबली, तरी रक्त येतच होतं.

“थांबत कसं नाही हे?”

“थांबेल. वेळ लागतो,” ती म्हणाली आणि पदराचा बोळा करून तिने त्याच्या गालावर दाबला.

पदर भिजून बोटांना ऊब लागली. चारचौघांत शरमेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं. तिला आनंद झाला, इतका की तो कुणाला दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

चेल्लदुरैने तिचा हात झटकला. तिने बोळा पुन्हा दाबून धरला.